शेवटची टाळी

घरात कोणाचा वाढदिवस आला की माझ्या माणसांच्या पोटात गोळा यायचा, आणि त्याला कारण मी. व्हिडिओ जुळवणं हा माझा धंदा. लोक घरच्या समारंभाचं चित्रण माझ्याकडे आणून टाकतात. एकाने फोनवर घेतलेलं असतं, दुसऱ्याने कॅमेऱ्यावर, तिसऱ्याने कपाटावर ठेवून विसरलेल्या आणखी कशावर. आणि म्हणतात, एक छानसा सलग व्हिडिओ करून द्या. सलग म्हणे! प्रत्येक कॅमेरा आपल्या मर्जीने सुरू झालेला असतो, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, आणि ते सगळं कॉम्प्युटरवर एकाखाली एक असं बसवावं लागतं की ज्याचं तोंड हलेल त्याचाच आवाज यावा. अर्ध्या सेकंदाने चुकलं तरी माणूस बाहुल्यासारखा दिसतो.

यावर सोपा उपाय म्हणजे टाळी. सगळे कॅमेरे सुरू झाले की एकाने मध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी द्यायची. कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या आवाजाच्या पट्टीवर तिचा काट्यासारखा सुळका उठतो. सगळ्या कॅमेऱ्यांच्या पट्ट्यांवरचे सुळके एका रेषेत आणले की झालं काम. पण कॅमेऱ्यांची घड्याळं थोडी पुढेमागे सरकतात, म्हणून तपासायला शेवटी आणखी एक टाळी घ्यायची. ती झाली की कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मी बोटांवर पाच मोजणार, मग सगळ्यांनी आपापला कॅमेरा बंद करायचा. हा माझा नियम. एकदा आई चौथ्या बोटाला "चहा ठेवू का?" म्हणाली, तर मी सगळ्यांना पुन्हा उभं करून टाळी घ्यायला लावली होती. तेव्हापासून घरात माझं नाव मास्तरीणबाई.

टाळी द्यायचा मान दादाचा. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे पंजे फावड्याएवढे, आणि तळवे थोडे पोकळ धरून तो अशी टाळी द्यायचा की आईच्या हातातला कप हलायचा. ती टाळी मी हजारांत ओळखेन. सुरुवातीची टाळी तो सरळ द्यायचा. शेवटची मात्र नाही. शेवटच्या टाळीला तो गायब व्हायचा आणि भलत्याच ठिकाणाहून ती द्यायचा. कधी टेबलाखालून, कधी न्हाणीघरातून, एकदा तर शेजाऱ्यांच्या गॅलरीतून. मी चिडायचे, आणि मी जेवढी चिडायचे तेवढा तो चेकाळायचा.

दादा गेला तो त्याच्या मुलीच्या, आमच्या पिटुकलीच्या, सहाव्या वाढदिवशी. घरातल्या घरात, माळ्यावरून खाली येणाऱ्या जिन्यावरून. उभा जन्म लिफ्टच्या पोकळीत लटकून काढलेला माणूस चौदा पायऱ्यांवरून पडला. त्याचा उजवा हात अंगाखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला त्याच क्षणी सगळं संपलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आई या वाक्याला धरून जगते. मीही धरून होते.

चार महिन्यांनी वहिनी माझ्या कामाच्या खोलीत आली. वहिनी नर्स आहे. ड्यूटी संपवून तशीच आली होती. पर्समधून तिने रुमालात बांधलेला दादाचा जुना कॅमेरा काढला. पडद्याला तडा गेलेला. जिन्याखाली सापडला होता, तेव्हापासून तिच्या कपाटात होता.

"यातलं कार्ड कोणी बघितलेलं नाही," ती म्हणाली. "मास्तरीणबाई, मला त्या दिवसाचा व्हिडिओ करून दे. चारही कॅमेऱ्यांचा, एकत्र. मध्ये काही कापायचं नाही."

"कशाला वहिनी?"

"मी उठले होते." ती रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. "मुलं खात बसली होती. मी खुर्चीवरून उठले होते, जिन्याकडेच निघाले होते. का उठले ते आठवत नाही. आणि परत का बसले, तेही आठवत नाही. रोज आठवायला बघते. तेवढं मला दाखव."

"डॉक्टर म्हणालेत ना, क्षणात—"

"ते वाक्य मी स्वतः किती जणांना सांगितलंय, तुला माहीत आहे का?" वहिनी म्हणाली. मग उठून गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले. खिडकीतून ऊन येत होतं, समोरच्या दुकानात कोणीतरी फळ्या कापत होतं. भ्यावं असं काही नव्हतं. चार पट्ट्या एकाखाली एक लावल्या. पहिली माझ्या कॅमेऱ्याची, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तीन पायांच्या स्टँडवर उभा होता तो. दुसरी मामाच्या फोनची. मामा फोन नाकाला लावून चित्रण करतो, त्यामुळे त्याच्या पट्टीवर सबंध समारंभभर त्याचाच श्वास ऐकू येतो. तिसरी आईच्या छोट्या कॅमेऱ्याची, तो फळीवर ठेवला होता. चौथी दादाची. सुरुवातीच्या टाळीला चारही कॅमेरे एकाच खोलीत होते. दादाने आपला कॅमेरा टेबलावर ठेवला, तळवे पोकळ केले आणि दिली टाळी. चार सुळके एका रेषेत आणले. माझ्या आयुष्यात इतकी स्वच्छ जुळणी क्वचित झाली असेल.

मग पुढे बघत गेले. विसाव्या मिनिटाला केक कापला, दादा तिथे आहे, त्याने पिटुकलीच्या नाकाला क्रीम लावलं. मग तो कॅमेरा घेऊन माळ्यावर गेला, वरच्या खिडकीतून अंगणातली मुलं टिपायला. मुलं पायाखाली फुगे फोडत होती. दर फुग्याला पिटुकली "फुटला!" म्हणून किंचाळत होती. एक्केचाळिसाव्या मिनिटाला आईने मुलांना आत बोलावलं. दादा पुटपुटला, "चला, खाली जाऊ," आणि जिना उतरू लागला. पायरी, पायरी, पायरी. मग चित्र उलटंपालटं झालं आणि धप्प. अंगणात त्याच वेळी दोन फुगे फुटले. माझ्या कॅमेऱ्यावर, मामाच्या फोनवर, आईच्या कॅमेऱ्यावर तो धप्प आहे, पण फुग्यांच्या आवाजात इतका मिसळलेला की आम्हाला कोणाला कळला नाही यात नवल नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले. वाटलं, बघायचं ते बघून झालं. आता उरलेलं नुसतं तपासायचं.

दादाचा कॅमेरा बंद पडला नव्हता. आडवा पडून चालूच होता. चित्रात भिंतीचा एक पट्टा, शेवटची पायरी, आणि कडेला मोज्यातलं एक पाऊल. दिवाणखान्याच्या बंद दारामागून संगीतखुर्चीचं गाणं येत होतं, थांबत होतं, परत सुरू होत होतं. मी आवाज वाढवला. मामाचा श्वास नको तिथे ऐकू येतो. इथे मी कान लावून बसले आणि श्वास नव्हता. पाऊल हलत नव्हतं. चौदा मिनिटं मी ते पाऊल बघितलं. डॉक्टर खरं बोलले, असं मी स्वतःला दहादा सांगितलं.

पंचावन्नाव्या मिनिटाला टाळी वाजली.

पोकळ तळव्यांची, खणखणीत. कप हलवणारी. पाऊल हललं नाही.

मी कानावरचे हेडफोन काढून टाकले. ती टाळी त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ऐकली होती, आणि ती देऊन झाल्यावर तो पडला असंच धरून चाललो होतो. समोरच्या दुकानातली फळी कापणं चालूच होतं. मग मी तेच केलं जे मला येतं. मोजलं. आवाजाला पोचायला वेळ लागतो. नऊ मीटरला सेकंदाचा साधारण चाळिसावा हिस्सा. तो टाळीचा सुळका दादाच्या पट्टीवर सगळ्यात आधी होता, मग माझ्या, मग मामाच्या, मग फळीवरच्या. म्हणजे टाळी त्याच्या कॅमेऱ्याजवळ वाजली होती, जिन्याच्या पायथ्याशी. तिथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्याचा उजवा हात अंगाखाली होता.

खरं सांगते, मेलेल्या माणसाने टाळी दिली असं कोणी मला पटवून दिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. भूत परवडलं. भूत नसेल तर माझा भाऊ चौदा मिनिटं दाराच्या पलीकडे जिवंत होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि आमच्या घरात सगळ्यांना कळेल अशी एकच खूण त्याने केली. त्या खुणेचा आमच्याकडचा अर्थ होता, सगळं नीट पार पडलं, बंद करा.

आता पडद्यावरच्या बाकीच्या तीन खिडक्यांत, म्हणजे उरलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांत, बघायला लागणार होतं. बघितलं. दिवाणखान्यात गाणं थांबलंय, मुलं ताटल्या घेऊन बसलीत. टाळी वाजते. वहिनीची मान जिन्याच्या दाराकडे वळते. ती उठते. एक पाऊल टाकते. नर्सच ती, तिला काय ऐकू आलं असेल देव जाणे, पण चेहऱ्यावर हसू नाही. आणि माझा आवाज येतो, तो माझा शाळेतल्यासारखा आवाज.

"वहिनी, बस. शेवटची टाळी आहे ती."

वहिनी बसते. मामाच्या फोनवर मी दिसते. हात वर, एकेक बोट मिटतंय, तोंडाला कुलूप. नियमच तो. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तिन्ही खिडक्या एकामागून एक काळ्या होतात.

दादाच्या पट्टीवर माझं वाक्य दाराआडून आलेलं होतं, पुसट पण पुरतं. आणि त्यानंतर, मी आवाज पार वर नेला तेव्हा, लाकडावर नख आपटावं तसं काहीतरी. टक. टक. पाच वेळा. मी ती पट्टी मामाच्या चित्राखाली नेऊन बघितली. प्रत्येक टक माझ्या मिटत्या बोटावर होतं, एका फ्रेमचाही फरक नाही. दार बंद होतं. मी तोंडाने मोजत नव्हते. त्याला माझी बोटं दिसणं शक्य नव्हतं. त्यानंतर अकरा मिनिटं काही नाही, मग दार उघडतं आणि वहिनीची किंकाळी.

इतकी वर्षं एका ठेक्यात मोजलं की माणसाच्या अंगात बसतं, असं मी स्वतःला समजावलं. तरी दोन दिवस मी कामाच्या खोलीचं दार बंद करून बसू शकले नाही.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं ते मी लपवणार नाही. मी दादाची पट्टी तो वर जातो तिथे तोडली आणि पुढचा तुकडा माउसने धरून चौदा मिनिटं पुढे ओढला. त्याचा धप्प बरोबर टाळीच्या जागी येऊन बसला. तिथे पट्टी कापून टाकली. पडला तेव्हा कॅमेरा बंद पडला, असं सांगायला काय जातंय? दिवाणखान्यातली टाळी थोडी दाबली, धप्प थोडा वाढवला, माझं वाक्य पुसलं. आता गोष्ट अशी झाली की दादा पडला, त्याच क्षणी गेला, त्याच क्षणी वहिनीच्या काळजात चर्र झालं म्हणून ती उठली, आणि कशाने तरी परत बसली. डॉक्टरही खरे, वहिनीचं उठणंही खरं. मी सुटले असं मी म्हणत नाही. ती सुटेल असं मी म्हणत होते. पण पट्टी ओढताना माझा जीव भांड्यात पडला, आणि तो काही वहिनीसाठी पडला नव्हता.

वहिनी दुपारी आली. पिटुकलीला आईकडे ठेवून आली होती. मी तिला माझी चांगली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. पडद्यावर चार खिडक्या. तिने केक बघितला, क्रीम लावलेलं नाक बघितलं, हसली आणि डोळे पुसले. जिथे दादा वर जातो, तिथपासून त्याची खिडकी मी काळी ठेवली होती. कार्डात तेवढा भाग खराब झालाय म्हणाले. संगीतखुर्ची झाली. मुलं खायला बसली. दादाची खिडकी उजळली, त्यात माळ्याची खिडकी, मग जिना.

"आवाज?" वहिनी म्हणाली.

"त्याचा आवाज धड नाहीये गं."

"असेल तसा लाव."

मी लावला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? खिडकीबाहेरून फुगा फुटल्याचा आवाज आला आणि पिटुकली किंचाळली, "फुटला!"

वहिनीने माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर बोट ठेवलं. तिथे पिटुकली तिच्या शेजारी बसली होती. दोन्ही गाल केकने फुगलेले.

"हिच्या तोंडात घास आहे," वहिनी म्हणाली. "मग ओरडतंय कोण?"

मी थांबवलं. आठ वर्षं ही बाई आमच्या घरात माझी बोलणी खात टाळ्यांना उभी राहिली होती. तोंड आणि आवाज जुळले नाहीत तर मी काय म्हणते, हे तिला पाठ होतं.

"जुळत नाहीये, मास्तरीणबाई."

"वहिनी, तुझ्या भल्यासाठी—"

"नीट जुळव."

आवाज चढला नव्हता. वॉर्डातल्या रडत्या माणसाला सुई टोचताना तिचा आवाज असा होत असावा. मी कापलेलं सगळं परत आणलं. पुसलेलं वाक्य परत आणलं. तोडलेला तुकडा धरला आणि मागे ओढला, पट्टी पुन्हा सलग होईपर्यंत. दोनदा चुकले. मग चालू केलं, एक्केचाळिसाव्या मिनिटापासून.

धप्प झालं तेव्हा तिने माझा हात धरला. त्यानंतरची चौदा मिनिटं सोडला नाही. ती मोज्यातल्या पावलाकडे बघत होती, तिची बोटं माझ्या मनगटावर नाडी बघितल्यासारखी होती. मला म्हणावंसं वाटत होतं, वहिनी, आता पुढे टाळी आहे.

टाळी वाजली. पडद्यावरची वहिनी उठली. पडद्यावरची मी म्हणाले, "वहिनी, बस. शेवटची टाळी आहे ती." दाराआडून तेच वाक्य पुसट परत आलं, त्याच्या बाजूने, त्याला ऐकू आलं तसं. पडद्यावरची वहिनी बसली. माझी बोटं मिटत गेली आणि जिन्याखाली टक, टक, टक, टक, टक. वहिनीने दोन्हीकडे बघितलं, एकदा बोटांकडे, एकदा पावलाकडे. तिला जुळलेलं दिसलं. तीन खिडक्या काळ्या झाल्या. एक चालू राहिली.

"तू बसवलंस मला," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो मोजत होता."

"वहिनी, मला माहीत नाही. श्वास ऐकू येत नाही. हात अंगाखाली होता. मला खरंच माहीत नाही तो—"

"मलाही माहीत नाही." तिने माझा हात सोडला. "मी उठले होते. बरोबर उठले होते."

मी रडत होते. माफ कर म्हणावं तर तो शब्द त्या खोलीत अगदी फालतू वाटला असता. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "दार उघडेपर्यंत राहू दे."

आणि ती खुर्चीवरून उठली. पडद्यासमोर उभी राहिली, पर्स खांद्याला, पायात बाहेरच्या चपला, आता निघालीच अशी. चित्रात भिंत होती, पायरी होती, पाऊल होतं. अकरा मिनिटं ती तशीच उभी राहिली. मी तिला बस म्हणाले नाही.